एकच भिंग न्यायचं तर...

"आत्या, एकच लेन्स न्यायची झाली तर कुठली नेऊ?"

भाचीचा हा फोन रात्री साडेदहाला आला. तिला नोकरी लागून दोन वर्षं झाली आहेत. साठवलेल्या पैशांतून ती आईवडिलांना व्हिएन्ना आणि प्राग दाखवायला नेणार होती. तिकिटं झाली होती, व्हिसाची कागदपत्रं जमत होती आणि गाडी नेमकी लेन्सपाशी अडली होती. कॅमेरा तिच्याकडे आहे, चांगला आहे. दुकानदाराने तिला एक 'सगळं करणारी' लेन्स सुचवली होती, ऑफिसातल्या मित्राने दुसरीच, आणि तिसऱ्या कोणी शपथेवर सांगितलं होतं, की ३५ मिलिमीटरच्या एका छोट्या भिंगाखेरीज हातात काही असलं तर तो फोटोग्राफरच नव्हे.

हा प्रश्न मला नवा नाही. कॅमेरा गळ्यात घालून फिरणाऱ्या शिक्षिका आमच्या गावात फारशा नव्हत्या, त्यामुळे गेली पस्तीसेक वर्षं शेजारीपाजारी, विद्यार्थी, त्यांचे पालक, सगळे प्रवासाला निघण्याआधी हे विचारायला येतात. मी काहीतरी उत्तर देते, ते काहीतरी विकत घेतात. पण या वेळी उत्तर चटकन देववेना. मनात १९८९ सालची एक नाव तरंगत होती.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आईवडिलांना घेऊन काशीला गेले होते. माझ्याकडे तेव्हा एक जपानी एसएलआर आणि तीन भिंगं होती : २८, ५० आणि १३५ मिलिमीटरची. तिन्ही कष्टाने जमवलेली, त्यामुळे तिन्ही वापरलीच पाहिजेत असा माझा हट्ट. पहाटे दशाश्वमेध घाटावरून नाव केली. घाटांची रांग घ्यायला २८ लावली, मग दूरच्या बुरुजावरची कबुतरं दिसली म्हणून १३५ काढली. ५० पिशवीत, २८ मांडीवर, तिचं झाकण तोंडात धरलेलं, आणि त्याच क्षणी आईने वाकून पाण्यात हात घातला. सूर्य वर येत होता. तिने ओंजळ उचलली, वडिलांकडे पाहिलं आणि लहान मुलीसारखी हसली. मी तिच्यापासून चार फुटांवर होते आणि माझ्या कॅमेऱ्याला त्या वेळी भिंगच नव्हतं.

"तुझं यंत्र जोडून होईस्तोवर गंगा थांबायची नाही हो," आई म्हणाली होती, आणि आम्ही तिघंही हसलो होतो.

घरी येऊन चार रोल धुतले. एकशे चव्वेचाळीस फोटो. घाट सुंदर, कबुतरं सुंदर. आई त्यांतल्या तीन फोटोंत होती. दोनांत पाठमोरी, एकात अस्पष्ट. १९९६मध्ये ती गेली. प्रवासातल्या लेन्सची गोष्ट निघाली की मला आधी हे आठवतं आणि मग तांत्रिक बाजू.

भाचीला म्हटलं, "अगं, फोनवर नाही सांगता यायचं. शनिवारी मुंबईत भेट. माझी ३५ मी आणते, तू एक २४-१०५ भाड्याने आण." हल्ली लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ही मोठीच सोय आहे. विकत घेण्याआधी एक दिवस हातात वागवून बघावं, नुसतं काउंटरवर उचलून कळत नाही.

आता थोडा तपशील सांगायला हवा, कारण हे आकडे दुकानात फेकले जातात आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. मिलिमीटरमधला आकडा म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर. आकडा लहान तितकं दृश्य रुंद. ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या, म्हणजे ज्याला आता फुल फ्रेम म्हणतात त्या कॅमेऱ्यावर २४ची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ८४ अंशांचं दृश्य पकडते, ५०ची ४७ अंशांचं आणि १०५ची जेमतेम २३ अंशांचं. तुमच्या कॅमेऱ्याचं सेन्सर त्याहून लहान असलं, आणि बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत ते असतंच, तर आकड्याला दीडने गुणायचं. ३५ची लेन्स तिथे ५०सारखी वागते. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. अमुक लेन्स उत्तम असं वाचून लोक ती घेतात आणि मग खोलीतली माणसं चौकटीत का मावत नाहीत म्हणून हैराण होतात.

दुसरा आकडा 'एफ'चा, भिंग किती उजेड आत घेतं त्याचा. हा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ १.८ची लेन्स एफ ४च्या जवळजवळ पाचपट उजेड घेते, आणि स्वस्त मोठ्या झूमच्या लांबच्या टोकाला जो एफ ६.३ असतो त्याच्या बारापट. पहाटे, संध्याकाळी, देवळात, चर्चमध्ये हा फरक कळतो.

शनिवारी पहाटे साडेपाचला आम्ही दादरच्या फूलबाजारात होतो. उजाडायचं होतं. पिवळ्या दिव्यांखाली झेंडूच्या राशी, शेवंतीच्या टोपल्या, अष्टर, आणि त्यातून वाट काढणारे डोक्यावर गाठोडी घेतलेले हमाल. इथे चालायला जागा नसते, तर मागे सरकायला कुठून असणार! भाचीने झूम लावून सुरुवात केली. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने १०५वर नेलं आणि पलीकडे गजरे ओवत बसलेल्या एका बाईंवर रोखलं. त्या बाईंचं लक्ष गेलं. त्यांनी काही न बोलता पदर तोंडावर ओढला आणि ओवणं चालू ठेवलं.

भाची ओशाळली. मला ते आवडलं, निदान ओशाळली तरी. लांबून नेम धरून माणसं टिपण्याची सवय ही या झूमने लावलेली सगळ्यात वाईट सवय आहे, असं माझं जुनं मत आहे. आपल्याला वाटतं, आपण कुणाला त्रास देत नाही. समोरच्याला मात्र आपण चोरून पाहिलं गेलो असं वाटतं, आणि ते खरंच असतं.

तिला ३५ लावून दिली. म्हटलं, "जा, गजरा घे आधी." ती गेली, उकिडवी बसली, गजऱ्याचे पैसे दिले, कुठून येता, किती वाजता निघता अशी चौकशी झाली. बाई वसईकडून पहिल्या गाडीने यायच्या. मग कॅमेरा पुढे करून तिने नुसतं मानेने विचारलं. "काढ गं, पण फुलं नीट दिसू देत," बाई म्हणाल्या आणि पुन्हा ओवू लागल्या. त्या फोटोत बाईंची बोटं आहेत, दोरा आहे, मागे बाजाराची अर्धी गल्ली आहे आणि बाई मनापासून काहीतरी सांगतायत. ३५ मिलिमीटरने चारपाच फुटांवरून एवढं सगळं येतं. १०५ने काढलेला आधीचा फोटोही तिने मला दाखवला : पदर, आणि पदरावरचे दोन डोळे.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की मी आता छोट्या स्थिर भिंगाची बाजू घेणार. तशी परंपरा आहेच. १९२५मध्ये लायका बाजारात आला तो ५० मिलिमीटरचं एकच भिंग घेऊन. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतेक काम ५०वर केलं. आपल्या होमाई व्यारावाला, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या आणि भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार, रोलिफ्लेक्स वापरायच्या. त्या कॅमेऱ्याचं भिंग बदलताच येत नाही. पुढे जायचं तर पाय हलवायचे. मला स्वतःला त्यांचं नाव फार उशिरा कळलं. माझ्या कॅमेऱ्याकडे बघून 'हे काय बायकांचं काम' म्हणणाऱ्यांना ते तेव्हा ऐकवता आलं असतं, याची चुटपुट आहे.

झूमविषयी जुन्या लोकांच्या मनात जी अढी आहे तिलाही कारण आहे. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी पहिलं झूम भिंग फोग्टलेंडरने १९५९मध्ये आणलं, ३६ ते ८२ मिलिमीटरचं. पुढे १९६३मध्ये निकॉनचं ४३-८६ आलं आणि ते खूप खपलं, पण कडांना सरळ रेघा वाकायच्या, चित्र मऊ पडायचं. त्या काळी झूम घेणं म्हणजे सोयीसाठी दर्जा सोडणं होतं. शिवाय आपल्या हातात १०० एएसएची फिल्म. उजेड कमी घेणारं भिंग त्यावर लावलं, की सूर्य मावळला, दुकान बंद. आज तसं नाही. भिंगं सुधारली ती सुधारलीच, पण सेन्सर त्याहून सुधारले. ३२०० आयएसओवर आज निर्धास्त फोटो काढता येतो. त्या १०० एएसएच्या तुलनेत ही बत्तीसपट संवेदनशीलता झाली. एफ ४च्या झूमने पाचपट उजेड गमावला तरी आपण त्या काळापेक्षा पुढेच आहोत. जुने नियम सांगणाऱ्यांनी, त्यांत मीही आले, हा हिशेब एकदा मांडून बघावा.

एक मात्र ध्यानात ठेवावं. हल्लीच्या लेन्समध्ये हात हलला तर सावरून घेण्याची सोय असते. ती आपला हात सावरते, समोरचा माणूस नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या आतल्या अंधूक उजेडात भाचीने झूमने काढलेल्या फोटोत फळांचे ढीग काचेसारखे स्वच्छ आणि फळवाला म्हणजे धुराचा लोट, असं झालं. चालत्या माणसाला थांबवायला सेकंदाचा अडीचशेवा भाग तरी हवा, आणि तो मिळवायला उजेड घेणारं भिंग किंवा चढा आयएसओ. तिसरा उपाय म्हणजे फळवाल्याने मोसंबं तोलताना क्षणभर स्थिर होण्याची वाट पाहणं. तो फुकट आहे.

तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिलेली आणि २००४ साली जागतिक वारसा यादीत गेलेली ही इमारत शहरात फिरणाऱ्या कुठल्याही लेन्सची परीक्षा घेते. समोरच्या पदपथावरून ३५ने ती मावत नाही. मागे जावं तर महापालिकेची इमारत आणि मधे बसगाड्या. २४ लावल्यावर घुमटापासून टोकापर्यंत सगळी आली. पण भाचीने कॅमेरा वर उचलला आणि इमारत मागे कलंडल्यासारखी दिसू लागली. रुंद भिंगाचा हा दोष नव्हे, कॅमेरा तिरपा धरल्याचा परिणाम. कॅमेरा सरळ धरायचा, खाली रस्ता जास्त येतो तो येऊ द्यायचा आणि नंतर कापायचा. मग तिने जागा न सोडता १०५ केलं आणि प्रवेशाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ घेतले, घुमटावरची मूर्ती घेतली. रस्त्याच्या मधोमध उभं राहून लेन्स बदलण्याची मला तरी हिंमत झाली नसती. मुंबईच्या धुळीत कॅमेऱ्याचं तोंड उघडणंही शहाणपणाचं नाही. सेन्सरवर बसलेला कण पुढच्या प्रत्येक फोटोतल्या आकाशात टिकलीसारखा दिसत राहतो.

दुपारी ओव्हल मैदानावर मला जे दाखवायचं होतं ते सापडलं. मुलं क्रिकेट खेळत होती, मागे राजाबाई टॉवर. भाची नेहमीप्रमाणे मुलांच्या जवळ गेली आणि २४वर फोटो काढला. मुलं मोठी, टॉवर मागे काडीसारखा. सुमारे ८५ मीटर उंचीची ती वास्तू यष्टीएवढी दिसत होती! तिला मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला नेलं आणि म्हटलं, "आता १०५ने त्याच मुलांना तेवढंच मोठं घे." घेतलं, आणि टॉवर उठून मुलांच्या पाठीशी येऊन उभा राहिला. हे भिंगाने होत नाही, आपण कुठे उभे आहोत त्याने होतं. भिंग नंतर तेवढी चौकट कापून देतं. ही एक गोष्ट कळली की झूम हे आळशी माणसाचं साधन राहत नाही. आधी जागा ठरवायची, मग आकडा फिरवायचा. बहुतेक जण उभे असतात तिथूनच आकडा फिरवतात, तक्रार आहे ती याबद्दल.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून आम्ही हिशेब केला. डिजिटल फोटोसोबत तो किती मिलिमीटरवर काढला याची नोंद राहते. भाचीचे दिवसभराचे चारशेच्या आसपास फोटो होते. त्यांतले बरेचसे २८ ते ५०च्या मध्ये, मग एकदम एक गठ्ठा १०५वर, आणि मधल्या भागात फारच थोडे. लेन्स घ्यायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने आपले गेल्या दोन सहलींचे फोटो असे तपासावेत. दुकानदाराला आपली नजर ठाऊक नसते, या नोंदींना असते. कुणाला कळेल की आपण ७०च्या पुढे कधी गेलोच नाही, मग ३०० मिलिमीटरचं ओझं कशाला?

आणि ते ओझं घराघरांत आहे. कॅमेऱ्याबरोबर दोन लेन्सचा 'कॉम्बो' स्वस्तात पडतो म्हणून घेतात. त्यातली मोठी ७०-३०० एकदा नॅशनल पार्कात जाते आणि नंतर कपाटात. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात बंद कपाटातल्या भिंगावर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कोकणातल्या एका ओळखीच्या घरी मी ती दोन भिंगांवर पाहिली आहे, आणि ती एकदा काचेत शिरली की साफ करायचा खर्च भिंगाच्या किमतीशी स्पर्धा करतो. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढ्यावर भागतं. जुनं भिंग विकत घेणाऱ्याने मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत टाकून दुसऱ्या बाजूने बघावं. बोरा बाजारातले दुकानदार स्वतःच तसं बघतात, आपण बघितलं तर त्यांना राग येत नाही.

अठरा-तीनशे, चोवीस-दोनशेचाळीस अशी एकाच नळीत सगळं जग कोंबणारी भिंगंही आहेत. दुकानदाराने भाचीला सुचवलेलं त्यातलंच. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. भर उन्हात ती चालतात. पण शहर पहाटे आणि दिवे लागल्यावर जास्त बोलतं, आणि त्या वेळी ती मुकी होतात.

मग निर्णय? मी भाचीला २४-१०५, एफ ४ घे म्हटलं. लहान सेन्सर असता तर १६-८० म्हटलं असतं, ते जवळपास तेच पडतं. तिला आश्चर्य वाटलं. सकाळी फूलबाजारात ३५चं एवढं कौतुक करून संध्याकाळी ही बाई झूमच्या बाजूला कशी? मी तिला सांगितलं, एकटी जाणार असतीस तर ३५ एकटीच दिली असती, आणि चुकलेल्या फोटोंची हळहळही बाळगू नकोस म्हटलं असतं. पण तू आईबाबांना घेऊन जातेयस. तुझे बाबा गुडघ्याने बेजार, दर चौकात 'थांबा हं' म्हणून तू त्यांना उभं करू शकत नाहीस. चर्चचा कळस आणि त्याच्या पायथ्याशी बाकावर टेकलेली आई, दोन्ही एका मिनिटात घ्यावे लागतील. तिथे पिशवी उघडायला वेळ नाही. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही, असं म्हणून तिला नावेची गोष्ट सांगितली. तिने आजीला पाहिलेलं नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि संध्याकाळी? चर्चच्या आत?"

"माझी ३५ घेऊन जा. आईच्या पर्समध्ये मावेल. मुक्कामाच्या हॉटेलातून संध्याकाळी निघताना ती लावायची, रात्री परत येईस्तोवर काढायची नाही."

एक अट घातली. सकाळी झूम ३५वर ठेवून बाहेर पडायचं आणि फोटो जमत नसेल तर आधी पाय हलवून बघायचे. रुंद दृश्याची फार चिंता नको, कारण खिशातल्या मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४-२६च्या आसपासचाच असतो. फक्त त्या मोबाइलने आईचा चेहरा हातभर अंतरावरून काढू नकोस, नाक मोठं येतं आणि ती जन्मभर बोलून दाखवेल.

ते लोक गेल्या महिन्यात परत आले. फोटो पाठवले. चार्ल्स पूल पहाटेचा, जवळपास रिकामा. व्हिएन्नातली छपरं. सगळं छान आहे, पण मी थांबले ती एका साध्याच फोटोवर. प्रागच्या २२ नंबरच्या ट्राममध्ये माझा भाऊ खिडकीशी बसला आहे. वहिनीने त्याच्यापुढे डब्यातली चकली धरली आहे, आणि हे परक्या देशात खायचं का, अशा संकोचाने तो इकडेतिकडे बघत हसतो आहे. आईची जिवणी त्याच्याकडे आहे हे मला आजवर कधी जाणवलं नव्हतं. मागे धावतं शहर थोडं पुसट.

मी नोंद उघडून बघितली. ४६ मिलिमीटर, एफ ४, सेकंदाचा एकशे साठावा भाग. भाचीला फोन लावला, तर ती म्हणाली, "लेन्सकडे लक्षच नव्हतं गं आत्या, बाबा हसले आणि दाबलं."